काशीरामचा गणू कोणता?

मेहकरहून चिखलीच्या रस्त्याला लागलं की हिवरा आश्रम येतं. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे गावाच्या नावाला हे शेपूट जोडलं गेलं. जानेवारीत इथं विवेकानंद जन्मोत्सव भरतो, लाखोंची पंगत बसते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी अन् वांग्याची भाजी वाढली जाते. हा उत्सव तिथीनं होतो, पौष वद्य सप्तमीला धरून. सरकारी युवक दिन मात्र तारखेनं, १२ जानेवारीला. त्याच १२ जानेवारीला बुलढाणा जिल्ह्यातच सिंदखेड राजात जिजाऊंचा जन्मोत्सव असतो आणि तिथंही पौष पौर्णिमेची तिथी वेगळी पाळणारे आहेतच.

गंमत पुढेच आहे. या दोन १२ जानेवारी एका पंचांगातल्याही नाहीत. विवेकानंदांची १८६३ सालची तारीख आपण आज वापरतो त्याच ग्रेगरी पद्धतीची. जिजाऊंची १५९८ सालची तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची. आजच्या हिशेबानं ती २२ जानेवारी होते. शिवाजी महाराजांच्या १९ फेब्रुवारी १६३० चंही तेच, आजच्या पद्धतीनं तो १ मार्च. इतिहासाच्या अभ्यासकांनी जुनी पद्धत जुन्या काळापुरती तशीच ठेवली, म्हणून कुणाचं काही अडत नाही. तारखा जुळत नाहीत आणि तरी कुणी खोटं बोललेलं नाही, ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही.

थोरांच्या बाबतीत हे समजून घ्यायला आपण तयार असतो. स्वतःच्या पणजोबांच्या दोन नोंदी समोर आल्या आणि त्या जुळल्या नाहीत की मात्र धीर सुटतो. मग माणूस दोन्हींतली सोयीची उचलतो आणि गैरसोयीची फाइलच्या तळाशी सारतो. गेली काही वर्षं महाराष्ट्रात हे फार मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसिलांच्या अभिलेख कक्षांमधली दप्तरं खाली उतरली. जानेवारी २०२४ पर्यंत राज्यभरात ५४ लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. ज्यांनी कधी आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं नव्हतं, ते सत्यप्रतीसाठी अर्ज करू लागले. वंशावळ हा एरवी देशमुख-पाटलांच्या वाड्यातला विषय. तो सेतू केंद्राच्या रांगेत आला.

वऱ्हाडात या शोधाची पहिली पायरी असते कोतवाल बुक. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गाव नमुना नंबर १४ म्हणतात, त्याचा हा वऱ्हाडी भाऊबंद, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची वही. रकाने साधे: अनुक्रम, तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यूच्या बाजूला मेलेल्याचं नाव, वय, कारण. इंग्रज सरकारला ही वही वंशावळीसाठी नको होती. पटकी कुठं पसरली, देवीनं किती मेले, दुष्काळात किती घटले, हे कळावं म्हणून ती होती. म्हणूनच तिच्यात जन्मलेल्या मुलाचं नाव बहुधा नसतं. खबर जन्मानंतर लगेच जायची आणि बारसं व्हायचं नंतर. ‘काशीरामास मुलगा झाला’ एवढंच पान सांगतं. तो गणपत की महादू, हे पानाला ठाऊक नसतं आणि ते ठाऊक असावं अशी तेव्हा कुणाची अपेक्षाही नव्हती.

खबर आणणारा कोतवाल. बहुतेक गावांत हे काम महार समाजाच्या वाट्याला आलेलं. तो घरोघरचं ऐकून यायचा, लिहायचा दुसराच कुणी: कुठं पाटील, कुठं कारकून. ज्याच्या तोंडून नोंद आली त्याला ती वाचता येत नव्हती आणि ज्यानं लिहिली त्यानं बाळ पाहिलेलं नव्हतं. ज्या कोतवालाला वाड्याच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती, त्याच्या सांगण्यावर आज वाड्यातल्या पणतवंडाचा दाखला उभा राहतो. याची दखल कुठल्याही राजकीय भाषणात घेतली गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता एक घर घेऊ. घर मी रचलेलं आहे, नावंही रचलेली. पण यातली प्रत्येक अडचण अभिलेख कक्षात रोज भेटणारी आहे.

मेहकर तालुक्यातलं एक गाव. अर्जदाराचा पणजोबा गणपत काशीराम. कोतवाल बुकात १९०९ साली काशीरामला मुलगी, १९११ ला मुलगा, १९१४ ला मुलगा. तिन्ही नोंदींत जात कुणबी, नाव कुणाचंच नाही. १९१८ च्या कार्तिकात मृत्यूच्या बाजूला एक ओळ: ‘गणू वल्द काशीराम, वय ४, ताप’. आणि १९२२ च्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात गणपत काशीराम जिवंत, जात मराठा, जन्मतारीख १ जुलै १९१४.

चार वर्षांपूर्वी मेलेला गणू शाळेत कसा गेला? इथं अर्जदाराचा काका म्हणतो, ती मृत्यूची नक्कल काढूच नका. नेमकी तीच काढायला हवी. काकाला ती वाईट नोंद वाटते, पण सगळ्या फाइलीत गावची खरी गोष्ट सांगणारा कागद तोच आहे.

आधी तारीख. १९१८ चा कार्तिक म्हणजे मानमोडीची साथ. त्या दिवसांत मृत्यूची पानं भरभर भरली, कित्येक नावं राहूनही गेली; माणसं पुरायला माणसं नव्हती, मग लिहायला कोण? म्हणजे वय ४ हा आकडा अंदाजाचा धरावा. नंतर नाव. नातवाला आजोबाचं नाव द्यायची चाल घरोघर, त्यामुळे चुलत भावंडांत एकच नाव दोनदा-तीनदा येतं. ‘वल्द काशीराम’ म्हणजे काशीरामाचा मुलगा. पण गावात काशीराम किती होते? कोतवाल बुक आजोबाचं नाव देत नाही. ते जमिनीच्या कागदांत मिळतं.

म्हणून पेरेपत्रक आणि हक्कनोंदणी उघडायची. तिथं दोन काशीराम निघतात, एक वल्द सखाराम, दुसरा वल्द तुकाराम. शेतं वेगळी, सर्व्हे नंबर वेगळे. पहिल्याच्या पश्चात गणपत आणि महादू यांची वारस नोंद. दुसऱ्याच्या शेतावर १९३० साली ‘भागी बेवा काशीराम’. या एका बेवा शब्दात बरंच आहे. त्या काळच्या हिंदू वारसा कायद्यानं, वेगळ्या राहणाऱ्या माणसाला मुलगा, नातू असला तर विधवेचं नाव वारस म्हणून लागत नसे. नाव लागलं, म्हणजे दुसऱ्या काशीरामामागं मुलगा उरलेला नव्हता. १९१८ चा गणू त्याचा असण्याची शक्यता आता पुष्कळ वाढली. मात्र हेच अनुमान १९४० च्या फेरफारावरून काढलं तर फसेल, कारण १९३७ च्या कायद्यानं विधवेला मुलांच्या बरोबरीनं वाटा मिळू लागला. कागद वाचायचा तर तो कोणत्या कायद्याखाली लिहिला गेला हे आधी बघावं लागतं. शेतजमिनीला तो कायदा कुठं, कधी लागू झाला, हा आणखी एक फाटा. तो वकिलांवर सोडू.

राहिला जन्म. गणपत १९११ चा की १९१४ चा? शाळेचं रजिस्टर १ जुलै म्हणतं. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या लोकांना वाढदिवस विचारा: १ जून आणि १ जुलै या दोन दिवशी अर्धा गाव जन्मलेला असतो. मास्तरांनी पोराकडे पाहिलं, डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लागतो का बघितलं, वर्गाला शोभेल असं वय ठरवलं आणि तारीख टाकली. अकरा वर्षांचा घोडा पहिलीत बसवायचा तर तो आठ वर्षांचा लिहिणं दोघांच्याही सोयीचं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली बिरदमल सिंघवी खटल्यात हेच कायद्याच्या भाषेत सांगितलं: शाळेतल्या जन्मतारखेला वजन येतं ते ती कुणी सांगितली यावरून, सांगणारा माहीतगार नसेल तर नुसत्या नोंदीला फारसा अर्थ नाही.

मग तिसरा साक्षीदार शोधायचा, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांची वही. गावागणिक, आडनावागणिक बांधलेल्या या वह्यांमध्ये आलेला यजमान स्वतः सांगतो आणि उपाध्याय लिहितात: बाप, आजा, भाऊ, मुलगे, कशासाठी आलो. शिकलेला असेल तर खाली सहीही करतो. समजा काशीराम वल्द सखाराम १९१६ साली बापाच्या अस्थी घेऊन गेला आणि त्यानं मुलगे सांगितले, ‘गणपत, महादू’. बाप मुलं सांगतो तेव्हा सहसा थोरल्यापासून सांगतो. म्हणजे गणपत १९११ चा. आता १९११ ते १९१६ मधली मृत्यूची पानं एकेक करून बघायची, १९११ चं ते बिननावाचं बाळ तान्हेपणीच गेलं का. तिथं काही नसेल तर गणपतचा जन्म १९११ चा असं म्हणता येतं. शाळेची तारीख तीन वर्षांनी धाकटी आहे आणि का धाकटी आहे तेही सांगता येतं.

या सगळ्या खटाटोपात कागदांची मतमोजणी केलेली नाही. तीन कागद एक म्हणतात आणि एक दुसरं म्हणतो, म्हणून तिघांचं खरं, हा हिशेब वंशावळीत चालत नाही, कारण पुष्कळदा ते तिघं एकमेकांवरून उतरवलेले असतात. शाळेच्या रजिस्टरावरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून नोकरीचं सेवापुस्तक, सेवापुस्तकावरून पेन्शन. कागद चार, साक्ष एकच, आणि तीही मास्तरांच्या अंदाजाची. कुणी लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून, घटनेनंतर किती दिवसांनी आणि कशासाठी, हे चार प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचे. वंशावळीचं सगळं शास्त्र मला तरी यापलीकडे मोठं दिसलेलं नाही.

शिवजन्माचा वाद असाच सुटला. उशिरा लिहिलेल्या बखरी शके १५४९ च्या वैशाखाकडे बोट दाखवत होत्या. संख्येनं त्या भारी होत्या आणि लोकांच्या तोंडी तीच तिथी होती. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी पुढे आणली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ होती. परमानंदाच्या शिवभारतात तेच होतं, राजस्थानात सापडलेल्या कुंडलीतही तेच. महाराजांच्या हयातीतला ग्रंथ, घटनांच्या जवळची टिपणं आणि दूर राजपुतान्यात, ज्याला या वादाशी काही घेणंदेणं नव्हतं अशा ज्योतिष्याचा कागद: एकमेकांवरून न उतरलेले तीन साक्षीदार. राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी ही तारीख अधिकृतपणे स्वीकारायला २००१ साल उजाडलं. गणपत काशीरामच्या पणतूनं तहसील कचेरीत दोन वर्षं लागली म्हणून खचू नये.

हिवऱ्याकडे परत येऊ. वंशावळीत ‘राहणार हिवरा’ असं आलं तर पहिला प्रश्न: कोणता? हिवराचं झाड वऱ्हाडात पायलीला पन्नास, त्यामुळे हिवरा नावाची गावंही कमी नाहीत. खुर्द, बुद्रुक आणि आणखी विशेषणं लागलेली. ‘हिवरा आश्रम’ हे नाव तर स्वातंत्र्यानंतरचं. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर ते असणं शक्य नाही. कुणी असा ‘जुना’ कागद दाखवलाच तर तो कागद नवा आहे. उलट आजच्या दाखल्यावर हिवरा आश्रम आणि जुन्या नकलेवर नुसतं हिवरा असेल, तर दोन्ही एकच गाव असं गृहीतही धरता येत नाही. शेजारच्या गावांची नावं, शिवेचे सर्व्हे नंबर, पाटलाचं घराणं यांवरून ते जुळवावं लागतं.

जिल्हाही जागचा हलला आहे. अकबराच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. १८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १८६४ ला नैऋत्य वऱ्हाड म्हणून हा जिल्हा झाला, काही काळ मेहकर जिल्हा म्हणवला आणि १८६७ मध्ये ठाणं बुलढाण्याला गेलं. १९०३ ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, १९०५ ला खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले, १९५६ ला सगळाच मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात. खामगावकडच्या माणसानं १९०० चं दप्तर बुलढाण्यात शोधलं तर हाताला धूळ लागेल, कारण तेव्हा ते अकोल्याचं होतं. ‘रेकॉर्ड नाही’ असं उत्तर मिळालं की ‘इथं नाही’ एवढंच ऐकावं.

आणि शिवेपलीकडे मोगलाई. जुनी माणसं निजामाच्या मुलखाला हेच म्हणत. मेहकर-लोणारच्या पोरी मंठ्याकडे, सेनगावकडे दिल्या जात, तिकडच्या इकडे येत. सोयरिकीला हद्द आडवी आली नाही, कागदांना आली. इकडे इंग्रजी अमलाचं दप्तर, मराठीत, आधी मोडीत आणि नंतर बाळबोधीत. तिकडे उर्दू आणि सन फसली. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो: फसली १३२१ म्हणजे १९११-१२. तोच आकडा कुणी हिजरी समजून वाचला तर १९०३-०४ होतो आणि आठ वर्षांचा खड्डा पडतो. शकात ७८ मिळवायचे, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. एका घरातले दोन चुलतभाऊ, एक शिवेच्या अलीकडे, एक पलीकडे. दोघांच्या बापांच्या जन्मसालांवरून भांडण लागतं आणि शेवटी निघतं काय, तर दोघांची सालं एकच, वाचणाऱ्यानं बेरीज चुकवलेली. या सगळ्यांत हा तंटा मला सर्वांत सुखाचा वाटतो, कारण तो कुणाचंही मन न मोडता मिटतो.

मोगलाईच्या बाजूला गावपातळीवर नावानिशी जातीची नोंद फार कमी सापडते आणि अलीकडचं मराठा आरक्षणाचं आंदोलन तिथूनच पेटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं हैदराबाद गॅझेटियर आधाराला घेऊन शासन निर्णय काढला. गॅझेटियरबद्दल आदर ठेवून एक गोष्ट म्हणावीच लागते: ते डोकी मोजतं, नावं सांगत नाही. तालुक्यात अमुक हजार कुणबी होते, हे त्या तालुक्याच्या इतिहासाला उपयोगी आहे. तुमचे पणजोबा त्या हजारांत होते का, हे ते पुस्तक सांगू शकत नाही. आरक्षणाचं काय करायचं ते सरकार आणि न्यायालयं ठरवतील. वंशावळीच्या दृष्टीनं मात्र आकडा हा पूर्वज नव्हे.

जातीचा रकाना हा या विषयातला सर्वांत तापलेला भाग. आमच्या रचलेल्या घरात कोतवाल बुक कुणबी म्हणतं आणि शाळा मराठा. दोन्ही खरं असू शकतं. कारकुनाच्या लेखी नांगर धरणारा तो कुणबी. शाळेत नाव घालायला गेलेल्या बापानं स्वतःला मराठा सांगितलं, कारण विसाव्या शतकाच्या त्या दशकांत तसं सांगण्यात मान होता. पुढे त्याच घरानं पुन्हा कुणबी सांगितलं, कारण आता सांगण्यात सवलत आहे. रकाना तोच, त्यामागची इच्छा बदलली. अक्षराचाही घोळ असतो. ‘कु.’ एवढंच लिहिलेलं आढळतं. ते कुणबी की कुंभार? त्या एका ओळीकडे डोळे वटारून काही होत नाही. त्याच लेखकानं त्याच वहीत गावातल्या कुंभारवाड्याच्या नोंदी कशा केल्या आहेत ते पाहायचं. वेगळ्या शाईनं, रकान्याच्या रेघेवर चढून, शेजारच्या ओळींशी न जुळणाऱ्या वळणात जात लिहिलेली दिसली तर थांबायचं; ती ओळ तुमच्या पणजोबाची नसून कुणा खटपट्याची असते.

सर्वोच्च न्यायालयाकडे असे वाद महाराष्ट्रातून सतत गेले. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात महादेव कोळी असल्याचा दावा होता आणि जुन्या शाळेच्या नोंदीत हिंदू कोळी होतं. त्याच निकालातून पडताळणी समित्या आणि घरी-शाळेत जाऊन चौकशी करणारी दक्षता पथकं यांची रीत पक्की झाली. विदर्भातलं हलबा आणि कोष्टी यांचं दुखणं तर पिढ्यांचं. विणकामामुळे कागदावर कोष्टी, घरात सांगताना हलबा. २००० साली मिलिंद प्रकरणात घटनापीठानं अनुसूचित जमातींच्या यादीतल्या हलबात हलबा-कोष्टी येत नाहीत असं ठरवलं. २०११ मध्ये आनंद कटोले प्रकरणात न्यायालयानं स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त वजन दिलं, कारण तेव्हा कुणाला आजच्या लाभाची कल्पना नव्हती. २०२३ च्या ठाकूर जमातीच्या निकालात सांगितलं गेलं की चालीरीतींची परीक्षा हा शेवटचा निकष नव्हे. निकाल पटो न पटो, जुना आणि निर्हेतुक कागद वरचढ हे सूत्र इतिहासकाराचंच आहे.

मात्र एका विसंगतीला विसंगती म्हणणं हाच अन्याय होतो. कोतवालाच्या स्वतःच्या घरात या. आजाच्या नोंदीत महार, बापाच्या १९५८ च्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ उभा आहे, नागपूरची दीक्षाभूमी. त्या घरानं जाणीवपूर्वक रकाना बदलला. तरीही वर्षानुवर्षं या दोन शब्दांचा मेळ घालत त्यांच्या मुलांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. केंद्रात अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल लागलं.

ख्रिस्ती घरांमध्ये हाच घोळ चर्चच्या वहीतून येतो. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ साली बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या ठेवायला सांगितलं, म्हणून गोव्याच्या नि वसईच्या घराण्यांना आपल्यापेक्षा लांबचा माग काढता येतो. आमच्या कोतवालाच्या वहीपेक्षा ती बरीच बोलकी: बाळाचं नाव, आई, बाप, धर्मपिता, धर्ममाता सगळं असतं. पण त्यातली तारीख बाप्तिस्म्याची, जन्माची नव्हे, आणि गोव्यात १९१४ पासून सुरू झालेल्या सरकारी नोंदणीत जन्माची. म्हणून एका माणसाचे दोन वाढदिवस. शिवाय पाद्र्यानं पोर्तुगीज कानानं ऐकलेलं आडनाव दर पिढीला वेगळं. इंग्लंडमध्ये पॅरिशच्या मूळ वहीची प्रत बिशपकडे पाठवावी लागे आणि मूळ नि प्रत यांत फरक सापडतात; नक्कल करताना कारकून सगळीकडे सारखेच डुलक्या घेतात. आपल्या शेजारी जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. अशा वसाहतीत आलेल्या प्रौढाचा बाप्तिस्मा त्याचं वय सांगत नाही, फक्त त्यानं कधी नवं नाव घेतलं ते सांगतो. जुनं नाव गावाकडच्या वहीत राहतं आणि पुढं नातवंडांना तो एकच माणूस दोन माणसं वाटतो.

दत्तकाचंही असंच. सिंदखेडच्या जाधवांपासून साध्या शेतकऱ्यापर्यंत, पोटी मुलगा नाही म्हणून भावाचा घेतला. कोतवाल बुकात तो जन्मदात्याचा, सातबाऱ्यावर दत्तक बापाचा. दोन बाप दिसले की वंशावळ जुळवणारा एकाला खोडतो. खोडू नये. रक्ताची रेघ सलग ओढावी, दत्तकाची तुटक, आणि दोन्ही ठेवाव्या.

आता त्या पहिल्या नोंदीकडे: १९०९, काशीरामला मुलगी. गणपतची थोरली बहीण. कोतवाल बुकात तिला नाव नाही. शाळेत ती गेली नाही. त्र्यंबकच्या वहीत बापानं मुलगे सांगितले, ती सांगितली नाही. जमिनीत तिचा वाटा नव्हता, म्हणून वारस नोंदीत नाही. जात प्रमाणपत्राच्या कायद्याला फक्त बापाकडची रक्ताची नाती लागतात, त्यामुळे अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातल्या वंशावळीतही तिची गरज पडत नाही. त्या कायद्याच्या नियमांच्या जानेवारी २०२४ च्या मसुद्यात सगेसोयरे हा शब्द आला, त्यावरून एवढा गदारोळ झाला, पण त्यातही चर्चा बापाकडच्या साखळीचीच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालं. त्यांचे पणतू तरी या बाबतीत सुखी असतील.

तिच्याबद्दलच्या नोंदी आपसांत भांडत नाहीत, कारण आहे ती एकच. १९१८ पर्यंतच्या मृत्यूच्या पानांत काशीरामची मुलगी नसेल तर ती बहुधा जगली आणि लग्न होऊन गेली. घरातल्या म्हाताऱ्या अजून म्हणतात, आत्याबाई मोगलाईत दिली होती, मंठ्याच्या बाजूला, नाव सोना की सोनी. दिवाळीच्या बोळवणीला कोण जायचं, रोट्या-पातोड्या कुठून यायच्या, लग्नाच्या याद्यांत मानपानाचं लुगडं कुठल्या गावाला लिहिलं आहे, हे आता विचारायचे प्रश्न. लग्नाची जुनी यादी घरात कुठल्या तरी पत्र्याच्या पेटीत असते आणि तिला कुणी दस्तऐवज मानत नाही. गावाचं नाव हाती आलं की मग तिकडच्या तहसिलात फसली १३३० च्या आसपासची दप्तरं आणि उर्दू वाचणारा माणूस शोधायचा. तोवर वंशवृक्षात गणपतच्या आधी एक चौकोन काढावा, त्यात १९०९ लिहावं आणि नावाच्या जागी ‘सोना (?)’, शिसपेन्सिलीनं.